देवीनं हलवलेली मान

आईला, जिथं असशील तिथं,

तू देवाघरी गेलीस, आता हे पत्र धाडू तरी कुठं? पण तुलाच विचारायचं हाय.

पाळी थांबल्यापासनं माझ्या छातीतनं जाळ उठून डोक्यात जायचा, घाम फुटायचा, मग हुडहुडी भरायची. डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या करून दोन हार्मोनची एकच गोळी रोज घ्यायला सांगितली. महिन्या-दोन महिन्यांत जाळ निवला. गोळीनं, आई! निपाणीत मी गोळीचं पाकीट पुढ्यात घेऊन बसलेय.

वडगावात हातमागावर लुगडी विणता विणता तूबी अशीच लालबुंद व्हायचीस, पदर फेकायचीस, थरथरायचीस. गल्ली म्हणायची, ‘अंगात आलं!’ लगेच लोक तुझा मळवट भरून पाया पडायचे. तशात एकदा आप्पांनी हात जोडून विचारलं, ‘यल्लम्मा, सुवर्णाला निपाणीला देऊ का?’ तू मान हलवलीस.

देवीचा शब्द म्हणून मी नांदले. नवऱ्यानं हात उचलला, तरी माहेरी आले न्हाय.

खरं सांग, आई. तवा तू होकार दिलतास, का नुसता तोंडावरचा घाम झटकलतास?

देवीच्या शब्दावर दिलेली,
तुझी सुवर्णा