नाचणीची गिरणी आणि लाडक्याची अब्रू

मी, गौरा लाडक्या भोये, वय सत्तरीपुढे, राहणार साखरशेत, तालुका जव्हार, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही धाकाशिवाय हे मृत्युपत्र सांगून लिहून घेत आहे. वकीलसाहेबांनी काही वाक्ये गाळायला सांगितली. ती ठेवली आहेत.

१. राहते घर व भाताचे खाचर मुलगा रूपेश व मुलगी सुनिता यांना समसमान. सुनिताने हक्क सोडावा असे रूपेशने सुचवून पाहिले आहे. पुन्हा सुचवू नये.

२. जाते सुनिताला. माझे पती कै. लाडक्या माझ्यासमोर बसून त्यावर दळू लागत. पाडा हसे, तरी ते खुंटा सोडत नसत.

३. पडवीतील गिरणीबद्दल सविस्तर सांगणे भाग आहे. माझे पती वारले त्याच वर्षी मुंबईच्या एका कंपनीने ती बसवली. त्या कंपनीत पैसे घालणाऱ्यांना नफ्यासोबत गरिबाचे भलेही हवे असते, आणि तेही मोजून. मोजायला हेमंतसाहेब आले. गिरणीआधी तुम्ही दहापैकी किती सुखी होतात, असे विचारले. मी आठ म्हटले. आता सहा, खांदा दुखत नाही, पण माणूस गेला.

म्हणजे गिरणीने माझे नुकसानच केले, असा हिशेब निघाला. पाहणीला येणारे गुंतवणूकदार या कामात नवखे, त्यांना वर चढणारा आकडा हवा; नाहीतर गिरणी दुसऱ्या गावी नेतील, असे साहेब म्हणाले. आधीचे दोन सांगा, अशी त्यांनी विनवणी केली.

मी म्हटले, "ते होते त्या दिवसांना दोन कसे देऊ?"

पाहुणे आले तेव्हा शेजारीण वेणू पुढे झाली. गौराचा नवरा दारू पिऊन मारायचा, गिरणीमुळे ती सावरली, असे तिने डोळे पुसत सांगितले. पाहुण्यांनीही डोळे पुसले. अहवालात माझा फोटो आला, शेजारी वर जाणारा बाण, खाली दारुडा लाडक्या. साहेबांना बढती मिळाली. गिरणी लेखी माझ्या नावावर झाली.

मी वेणूला जाब विचारला. ती म्हणाली, "मेलेल्या माणसाचा काय जाते? गिरणी गेली असती त पाड्यातल्या बायांचे खांदे गेले असते."

तेव्हापासून आमचे बोलणे नाही. तिची नाचणी मात्र दळून देते.

४. गिरणी वेणूला द्यावी. वाचवली तिनेच. अट एकच: माझ्या दहाव्याला, सगळा पाडा जमलेला असताना, लाडक्याने बायकोवर कधी हात उचलला नाही, हे तिने उभे राहून सांगावे. हेमंतसाहेबांना बोलवावे. त्यांनी काही मोजू नये, ऐकावे.

५. हे वेणूला आताच कळवू नये. भांडण अजून मिटलेले नाही.

निशाणी डावा अंगठा: गौरा लाडक्या भोये
साक्षीदार: जयश्री हेमराज गावित, ढवळू सोम्या दिघा. दोघांसमक्ष वाचून दाखवले.
जव्हार, दि. १२ फेब्रुवारी २०२५