तीस लिटर जे परत येत नाही

एव्स्तेतून, ३ मे १९७४

श्री. अस्लाक भाऊजी यांस,
सा. न. वि. वि.

तोर्गिल्सच्या थडग्यावरचा दगड बावीस जूनला बसणार आहे. त्या दिवसाची बिअर याच घरात होईल. आजवर मी पिंपं घासली, गाळायला जुनिपरच्या डहाळ्या तोडल्या. माल्टपासून बिअर कधी केली नाही. तीस किलो माल्ट आहे. पिंपात साठ लिटर उतरायला हवी. पाणी किती घ्यायचं, एवढंच कळवा.

लाकडी कड्यावर वाळवलेलं त्याचं यीस्ट एकाच खेपेपुरतं उरलं आहे. बिघडलं तर ते या खोऱ्यातून संपलं.

शहरातली बाई हंड्याला शिवली की बिअर आंबते, असं तुम्ही चर्चच्या पायरीवर म्हणालात. मी मागेच उभी होते.

लोभ असावा असं लिहायची पद्धत आहे.
रान्वाइग

---

नेद्रेलीद, ९ मे

श्रीमती रान्वाइग वहिनींस,
स. न. वि. वि.

मागे उभं राहून ऐकायची सवय तुम्हाला शाळेतली असणार. आमच्याकडे पाणी लिटरने मोजत नाहीत, मास्तरीणबाई. हंड्यात डोकावलं की कळतं. तरी आकडाच हवा तर शंभर घ्या. साठ हवी म्हणता, शंभर पुष्कळ झालं.

त्यापेक्षा ते कडं इकडे पाठवा. ते आमच्या आईचं आहे. माझ्या भावाच्या दगडापाशी लोकांनी फळ्यावरचं गणित का प्यावं?

प्रकृतीस जपा.
अस्लाक

---

एव्स्तेतून, १८ मे

श्री. अस्लाक भाऊजी यांस,
सा. न. वि. वि.

तुमचं शंभर मी पडताळून पाहिलं. एक किलो माल्ट पाच लिटर गरम पाण्यात भिजवलं आणि गाळलं. चारच लिटर आलं. पुन्हा केलं, पुन्हा चारच. म्हणजे किलोमागे एक लिटर चोथा धरून ठेवतो. तीस किलोला तीस लिटर. पिळूनही ते परत येत नाही.

मग हंड्यात नुसतं पाणी चार तास उकळलं, तोर्गिल्स उकळायचा तसं. चाळीस लिटर वाफ झाली. साठ, तीस आणि चाळीस मिळून एकशे तीस. तुमच्या शंभरात माझ्या पिंपात तीस लिटर उतरली असती, आणि तीही काकवीसारखी दाट.

हे तुम्हाला ठाऊक नव्हतं, की ठाऊक असून सांगितलंत? दोन्हीपैकी एक लिहा. तिसरं उत्तर नको.

आपली,
रान्वाइग

---

नेद्रेलीद, २७ मे

वहिनी,

पाणी तो भरायचा. दर वर्षी नाताळाआधी इकडे यायचा, माझा हंडा भरायचा, मला लाकडं आणायला पिटाळायचा. आग माझी असे. तीस वर्षांत मला पाण्याचं कोणी विचारलं नाही. गेल्या नाताळात माझा हंडा पेटला नाही, हे अख्ख्या खोऱ्याने पाहिलं. तुम्हीही पाहिलं असेल. एका शब्दाने विचारलं नाहीत.

शंभर हा आकडा मी अंदाजाने लिहिला. बिघडलं असतं तर वाईट वाटलं नसतं, हेही खरं.

दगडापाशी येईन. तुमच्यासाठी नाही.

अस्लाक

---

एव्स्तेतून, २४ जून

श्री. अस्लाक भाऊजी यांस,
सा. न. वि. वि.

एकसष्ट लिटर उतरली. तुम्ही पार कुंपणाशी उभे होतात. दुसरा पेला घेताना माझ्याकडे पाहिलं नाहीत, पण घेतलात.

बिअर करायच्या आदल्या दिवशी डहाळ्यांच्या ढिगामागे तोर्गिल्सची काठी सापडली. इतकी वर्षं ती ढवळायची समजत होते. तिच्यावर तीन खाचा आहेत. हंड्यात उभी धरली. खालची साठवर, मधली शंभरवर. वरची एकशे तीसच्या दोन बोटं वर, कारण गाळायच्या पिंपात नळाखाली थोडं उरतं. ते मी धरलं नव्हतं. त्याने धरलं होतं. मी तिथेच जरा बसले.

काठीच्या दुसऱ्या बाजूलाही तीन खाचा आहेत. त्या माझ्या हंड्याच्या कशालाच जुळत नाहीत. तिथे तुमच्या नावाचं पहिलं अक्षर कोरलंय.

काठी देणार नाही. सोबत सुतळी आहे, त्या बाजूच्या खाचांवर तीन गाठी मारल्या आहेत. सुटं टोक हंड्याच्या तळाशी टेकवा. वरच्या गाठीपर्यंत पाणी. माल्ट गाळून परत ओतलं की मधली गाठ. खालच्या गाठीला आग काढा, ती तुम्हाला येते.

नवं यीस्ट कड्यावर वाळत घातलं आहे. अर्धं तुमचं. टपालाने पाठवणार नाही. स्वतः या, स्वयंपाकघराच्या दाराने. चर्चच्या पायरीवरचं मी विसरलेली नाही, तेव्हा बसायचा आग्रह होणार नाही.

लोभ नसला तरी नाताळात तुमच्या धुराड्यातून धूर दिसावा.
रान्वाइग