डोमा वर असताना

डोमाच्या आपांना,

तुम्ही डोंगरावरच राहिलात, पत्र पाठवू कुठे? तरी लिहिते. गिऱ्हाइकांना शिखरावर न्यायचं तुमचं काम आता आपली पोर डोमा करते. ती वर असली की आपल्या लॉजात मांस भाजणं बंद. डोंगरदेवीला तो वास खपत नाही. एक पाहुणा कुरकुरला. म्हटलं, "बटाटे खा, नाहीतर वाट धर."

आज शिखरावरून फोन आला. "आमा, देवीच्या डोक्यावर उभी आहे. आधी माफी मागितली."

"बडबड पुरे, खाली उतर," म्हटलं आणि तुम्ही गेल्यापासून बंद असलेली डोंगराकडची खिडकी उघडली. अहो, केवढी ही देवी! आणि आपली एवढीशी पोर तिच्या माथ्यावर!

वारा झोंबतोय, पण डोमा उतरेपर्यंत खिडकी लावणार नाही.

तुमची,
यांगजी