गेंडा शिंप्याच्या घरातून

ती. वन्सं यांना,

धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. इकडे आम्ही सगळे सुखरूप आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. प्रत्यक्षात घरातल्या प्रत्येकाच्या कमरेवर उजव्या बाजूला एकेक निळा डाग आहे, त्याचं कारण पुढे येईलच. तुमची तब्येत कशी आहे? भावजींचा खोकला गेला, की ते अजूनही औषध घेतल्यासारखं करून कुंडीत ओततात? (मागे आले होते तेव्हा तुमच्या कुंडीतलं ते झाड मला जरा जास्तच टवटवीत वाटलं होतं.) भावजींना माझा नमस्कार सांगा आणि झाडालाही विचारलंय म्हणून सांगा.

पत्रास कारण तुमचे बंधू. लग्नाला अठरा वर्षं झाली, पण मी आजवर यांच्याबद्दल तुमच्याकडे एका शब्दाने तक्रार केलेली नाही. (दोनदा केली होती, पण दोन्ही वेळा तुम्ही यांचीच बाजू घेतलीत, तेव्हा ती धरू नये.) आता मात्र पाणी डोक्यावरून गेलं आहे. तुम्ही मोठ्या आहात, तुम्ही कान धरलात तरच काही फरक पडेल.

तुम्ही दोघं लहानपणी दर गुरुवारी संध्याकाळी टीव्हीसमोर बसकण मारून तो 'गेंडा शिंपी' बघायचात. मी काही त्या घरातली नव्हे, आमच्याकडे टीव्ही फार उशिरा आला, त्यामुळे मला हे सगळं लग्नानंतर शिकावं लागलं. लग्नाच्या तिसऱ्या दिवशी यांनी मला समोर बसवलं आणि म्हणाले, तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. मला वाटलं, घराण्यात काहीतरी आजार असणार आणि तो लपवून लग्न केलं. तर एक गेंडा असतो, त्याचं कपडे शिवायचं दुकान असतं, हाताखाली सात कोंबड्या असतात. सहा नुसत्या कलकलाट करतात, सातवी तोंडातून अक्षर काढत नाही, आणि दर भागात गेंड्याची हरवलेली सुई तीच शोधून देते. एवढं सांगून झाल्यावर हे माझ्या तोंडाकडे बघत बसले. मी छान आहे म्हटलं. दुसरं काय म्हणणार? त्या एका 'छान आहे'ची फळं मी आजपर्यंत भोगते आहे.

आधी दोन कप आले आणि पंधरा वर्षं तेवढ्यावर भागलं. तीन वर्षांपूर्वी मात्र रांगच लागली. आधी पंचा. मग उशांचे अभ्रे, मग मिठाची बाटली (गेंड्याच्या कानातून मीठ पडतं, उजव्या कानातून जास्त पडतं, म्हणून भाजीत मीठ कमी-जास्त झालं की घरात 'कुठल्या कानाने घातलंस' असं विचारतात). मग न्हाणीघरात वजनाचा काटा आला. त्यावर उभं राहिलं की कोंबडीची चोच आकड्याकडे सरकते आणि तिचे डोळे विस्फारतात. मी त्यावर एकदाच उभी राहिले. त्यानंतर तिने माझ्याकडे असं कधी पाहू नये म्हणून तो काटा मी भिंतीकडे तोंड करून ठेवते. आणि गेल्या वर्षी न्हाणीघराकडे जायच्या बोळकंडीतल्या भिंतीवर टॉवेल अडकवायला गेंड्याचं पितळी डोकं बसलं. शिंग बरोबर कमरेच्या उंचीवर आहे. बोळकंडी अरुंद आहे. आम्ही तीन माणसं रोज तिथून जातो. आमच्या डॉक्टरीणबाईंनी मला गेल्या महिन्यात दार लावून घेऊन, अगदी मायेने, घरात सगळं ठीक आहे ना असं विचारलं. मी म्हटलं, गेंडा लागला. त्यांनी माझं रक्त तपासायला पाठवलं.

बरं, वस्तू आणली की लावून मोकळं व्हावं, तर तसंही नाही. तुम्हाला माहीत आहे, हे लिफ्टच्या दुरुस्तीचं काम करतात. तपासलेल्या प्रत्येक लिफ्टला पिवळी चिठ्ठी बांधायची, त्यावर तारीख, सही आणि किती माणसांचा भार चालेल ते लिहायचं, ही यांची अठ्ठावीस वर्षांची सवय. ती सवय घरी आली. चहाच्या कपाला चिठ्ठी, दिव्याला चिठ्ठी, कोंबडीच्या आकाराच्या स्टुलाला 'कमाल भार: एक माणूस, शांत बसणारा' अशी चिठ्ठी. लेक तेरा वर्षांची आहे, तिच्या मैत्रिणी यायच्या म्हटल्या की ती आधी घरभर फिरून चिठ्ठ्या तोडायची. मग एका मैत्रिणीने विचारलं, तुमच्याकडच्या त्या पिवळ्या चिठ्ठ्या कुठे गेल्या, मला एक हवी होती. तेव्हापासून लेक बापाला सामील आहे आणि घरात माझ्या बाजूने आता कोणीच उरलेलं नाही.

दारावरच्या घंटीचं तर सांगायलाच नको. बटण दाबलं की आधी कात्रीचा कचाकच आवाज आणि मग सहा कोंबड्या एकदम. खालच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर तक्रार करायला वर आले. (तक्रार करायला घंटी वाजवावी लागली, त्यामुळे आत आले तेव्हाच लालबुंद झालेले.) रागारागाने धपकन खुर्चीत बसले, आणि त्या खुर्चीतली कोंबडीच्या आकाराची उशी ओरडली. हेडमास्तर उठले. परत बसले, परत ओरडली. तिसऱ्यांदा ते अगदी हळू बसले, एका बाजूने, बघायला. त्यानंतर तक्रारीचा विषय निघालाच नाही. आता दर रविवारी सकाळी येतात, त्याच खुर्चीत बसतात, पेपर वाचतात आणि पान उलटताना मुद्दाम जरा हलतात. त्यांना चहा मी करते.

हे सगळं मी सहन केलं, वन्सं. कारण मला ठाऊक आहे की हे सगळं कशाच्या बदल्यात आलं. आता तुमचा राग येईल, पण लिहिते. तुमच्या घरची ती किटली. बिस्किटांच्या चाळीस पुड्यांचे कोपरे कापून, पाकिटात घालून कंपनीला पाठवून तुम्ही दोघांनी मिळवलेली गेंड्याची किटली, शिंगातून चहा येणारी. सासूबाई गेल्यावर जुनं घर आवरताना तुम्ही दोघांनी ती एकाच वेळी धरलीत. मी तिथे होते, हातात पितळेचे डबे होते, म्हणून मधे पडता आलं नाही. तुम्ही एकावन्न वर्षांच्या, हे सेहेचाळीसचे. किटली तुमच्या हातात राहिली, झाकण यांच्या. तुम्ही दोघंही एक शब्द न बोलता आपापला ऐवज घेऊन दोन दारांनी बाहेर पडलात. त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून तुमचं बोलणं माझ्यामार्फत. तिला विचार, त्याला सांग. मी चष्म्याचं दुकान चालवते की टेलिफोनचं, असा मलाच कधीकधी प्रश्न पडतो. लेक विचारते, आत्या आपल्याकडे का येत नाही? मी सांगते, आत्याला कामं असतात. ते खरं नाही हे तिलाही कळतं. मला त्याचंच वाईट वाटतं.

पण खरी तक्रार पुढेच आहे. दोन वर्षांपूर्वी हे फोनवरच्या एका गटात शिरले. जगभरचे गेंडा शिंप्याचे वेडे त्यात जमलेले, कोणी खरं नाव सांगत नाही. तुमचे बंधू तिथे 'गेंडामास्तर' आहेत. आणि 'सातवी कोंबडी' म्हणून एक बाई आहे. रोज संध्याकाळी जेवण झालं की हे खिडकीपाशी बसून तिच्याशी लिहिण्याची देवाणघेवाण करतात. आणि हसतात, वन्सं. माझ्याशी बोलताना हसत नाहीत असं नाही, पण ते हसणं वेगळं, हे वेगळं. मी चांगल्या घरची बाई आहे, मी नवऱ्याचा फोन बघत नाही. म्हणून चष्मा लावून नीट बघितला. तर पहिल्या साठ निरोपांत शिंगाच्या आतले चहाचे डाग कशाने निघतात याचीच चर्चा. (सोडा आणि जुना दात घासायचा ब्रश. मी करून पाहिलं, निघतात.) पुढे मात्र यांनी लिहिलं होतं: मला एक ताई आहे. किटली तिच्याकडे आहे. किटलीचं जाऊ दे, पण ताई बोलत नाही. त्यावर त्या कोंबडीने दोन दिवस काही लिहिलं नाही. तिसऱ्या दिवशी लिहिलं: मलाही एक भाऊ आहे, महागाढव आहे, पण लहानपणी बिस्किटं सगळी त्याने खाल्ली, मला आवडायची नाहीत, आणि कोपरे मात्र निम्मे माझ्या नावाने मोजायचा.

आता कहर ऐका. येत्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी या गटाचा मेळावा आहे, एका शाळेच्या सभागृहात, सकाळी दहाला. त्या बाईने कधीतरी लिहिलं की माझ्याकडे किटली आहे पण झाकण नाही. तर तुमच्या बंधूंनी ठरवलं आहे की आपल्याकडचं झाकण तिला भेट द्यायचं. आईंच्या घरचं झाकण, जे सख्ख्या बहिणीला दिलं नाही, ते एका परक्या बाईला! आणि ती बाई म्हणते, मला यायला जमणार नाही, घरची कामं आहेत. त्या दिवसापासून हे जेवायला बसतात पण जेवत नाहीत. झाकण पुसून पुसून वरच्या कोंबडीचा रंग जायची वेळ आली आहे. तेव्हा तुम्हीच काय ते यांना चार शब्द सुनावा. भावजींना पुन्हा नमस्कार. लहानांना आशीर्वाद लिहिणार होते, पण तुमच्याकडे लहान कोणी नाही, तेव्हा ते भावजींनाच द्या.

तुमची,
धाकटी भावजय

ता. क. आता खरं बोलते. त्या बाईने गटात किटलीचा फोटो टाकला होता. किटली चकचकीत घासलेली, पोटावर समोरचं सगळं उमटलेलं. माझा धंदा तुम्हाला माहीत आहे. मी गिऱ्हाइकांचे चेहरे विसरते, चष्मे विसरत नाही. किटलीच्या पोटावर एक फोन धरलेली बाई दिसते, चेहरा वाकडातिकडा, पण चष्मा स्पष्ट. तपकिरी फ्रेम आणि डावी काडी काळी. असा चष्मा मी आयुष्यात एकच दिला आहे, त्या गिऱ्हाइकाने नवी फ्रेम घ्यायला साफ नकार दिला म्हणून. वन्सं, पुढच्या वेळी फोटो काढताना चष्मा काढून ठेवा, किंवा किटली जरा कमी घासा.

आणखी ता. क. तेव्हा विनंती एवढीच की शनिवारी या. यांना काही माहीत नाही. बिचारे समजतात, कोणी अनोळखी बाई आहे. तुम्ही दारातून किटली घेऊन आत आलात की यांचं तोंड कसं होतं ते मला बघायचं आहे. पण त्याहून जास्त तुम्हाला दोघांना एका टेबलाशी बसलेलं बघायचं आहे. खरं सांगायचं तर या घरात आलेल्या सगळ्या कपबशा, उशा, घंट्या मी चालवून घेतल्या त्या याच आशेवर, की यांची हौस कधीतरी फिटेल आणि हे तुम्हाला फोन करतील. ती फिटत नाही. हवी ती वस्तू दुकानात मिळत नाही, ती तुमच्याकडे आहे, आणि मी किटलीबद्दल बोलत नाहीये.

अगदी शेवटचं. पत्र बंद करून पत्ता लिहिला आणि यांना टाकायला दिलं. यांनी पाकीट बघितलं, खिशातून पेन काढलं आणि घराचा नंबर खोडून दुसरा लिहिला. म्हणाले, अगं, ताई तिसऱ्या मजल्यावरून खाली तळमजल्यावर आली ना, गुडघ्यांमुळे, चार महिने झाले. मी म्हटलं, मला तर नाही कळवलं वन्संनी. मग कोणाला कळवलं? हे पेन परत खिशात ठेवायला लागले. मी पाकीट परत घेऊन फोडलं (म्हणून ही चिकटपट्टी) आणि यांच्याकडे बघत राहिले. तेव्हा कबूल केलं की कोंबडीने लिहिलं होतं, आणि कोंबडी म्हणजे ताई हे पहिल्या महिन्यातच ओळखलं होतं. म्हटलं, मग दोन वर्षं बोलला का नाहीत? तर खिडकीकडे तोंड करून म्हणाले, ताई असली की ती माझ्यावर रागावलेली असते, कोंबडी असली की नसते. तिला सांगू नकोस मला माहीत आहे म्हणून. नाहीतर लिहायची थांबेल.

तर वन्सं, मी तुम्हाला काहीही सांगितलेलं नाही. तुम्हाला काही माहीत नाही, यांना काही माहीत नाही, मलाही नाही. शनिवारी दहाला या, एकमेकांना मुळीच ओळखू नका, आणि झाकण किटलीवर बसतंय का तेवढं बघा. चहाची पूड मी आणते.