कुलपासकट कपाट

३ मार्च
मुलाने आज स्पष्टच सांगितलं. माझ्या बायकोला दिवसभर फोन करून सल्ले द्यायचे नाहीत. फारच सुचलं तर वहीत लिही. म्हणून ही वही. सूनबाईला सल्ला देणं आजपासून बंद. फक्त मदत करायची.

५ मार्च
बंद पडलेल्या कारखान्याचं सामान भंगारवाल्याकडे आलंय. कामगारांचं लोखंडी कपाट घेतलं. दारांवर रंगवलेले आकडे, सगळ्या दारांवरून आडवा एकच दांडा. तो पाडला की कुलूप आपोआप लागतं. मुलगा-सुनेच्या बेडरूमसाठी वॉर्डरोब.
ह्यांनी विचारलं, त्यांना विचारलंस का? सरप्राइज विचारून देत नाहीत.

११ मार्च
गंज घासला, पॉलिश केलं. आकडे तसेच ठेवले. विंटेज म्हणतात ते हेच. ह्यांच्या पाठीत उसण भरली. मी धरायला सांगितलं होतं, उचलायला नाही.

१४ मार्च
दोघं ऑफिसला गेल्यावर जादा किल्लीने फ्लॅट उघडला. कपाट बसवलं, कपडे लावले. त्यांचं प्लायवूडचं कपाट भंगारवाल्याला देऊन टाकलं.
संध्याकाळी सूनबाई बेडरूमच्या दारातच थबकली. आनंदाने होतं असं.
कुलपाची ओरिजिनल किल्ली एकच आहे. ही मुलं हरवणार. माझ्या पर्समध्ये ठेवली.

१९ मार्च
सूनबाईचा पुन्हा फोन. दार जरा आपटलं की दांडा पडतो. रिक्षा करून गेले, उघडून दिलं. म्हणाली, आई, आता तुमच्याशिवाय साधा टॉवेलसुद्धा मिळत नाही.
कोण कोणाला फोन करतं, हे मुलाने बघावं.

२६ मार्च
आज सूनबाईची नव्या नोकरीची मुलाखत होती. वर्षभर तयारी करत होती. कपडे, सर्टिफिकेटं कपाटात, आणि दांडा पडलेला. मी भंगार बाजारात त्यांच्या हॉलसाठी जुन्या गिअरच्या चाकाचं केलेलं टेबल बघत होते. फोन वाजत होता. घासाघीस चालू असताना मी फोन घेत नाही. नियम म्हणजे नियम.
शेवटी दोरीवर वाळत घातलेला नवऱ्याचा शर्ट घालून, रिकाम्या हाताने गेली. मुलाने कटरवाला आणून कुलूप कापलं. ओरिजिनल कुलूप. माझी वाट बघायला काय झालं होतं?

२८ मार्च
नोकरी दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. भेटायला गेले. सूनबाई ओरडली नाही, रडली नाही. म्हणजे मनात काही नाही. एवढंच म्हणाली, आई, कारखान्यातसुद्धा कामगारांच्या कपाटाची किल्ली कामगारांकडेच असायची.
मी सांगितलं, म्हणूनच तो बंद पडला.

३० मार्च
मुलगा टेम्पो घेऊन आला. चहा नको म्हणाला. कपाट आमच्या पॅसेजमध्ये उतरवलं. हे लांब उभे राहून "जरा डावीकडे" सांगत होते. मग मुलाने हात पुढे केला, म्हणाला, किल्ली. कसली किल्ली, ते मला विचारावं लागलं नाही.
मुलाला दिली: त्यांच्या फ्लॅटची जादा किल्ली, एक.
त्याच्याकडून मिळालं: लोखंडी कपाट, एक. कुलूप नाही.
कुलपाची किल्ली मागायला मात्र तो विसरला. पर्समध्ये आहे. सुरक्षित.