अर्ध्या रिळात मावणारे शेतकरी

पोर्ट लुई, ऑगस्ट १९६७

तीर्थरूप लक्ष्मणमामांच्या चरणी भाचा गोवर्धनचा शिरसाष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा वळत असेल, मामींचा खोकला गेला असेल आणि बों अक्योयला ऊसतोडणी जोरात असेल, असं धरून चालतो. मी मजेत आहे.

आमच्या ऑफिसात कॉम्प्युटर आलाय (मामी समजतात तसं ते शिवणयंत्र नव्हे, खोली भरून उरतं). ऊस शेतकऱ्यांची माहिती आजवर भोकं पाडलेल्या कार्डांवर असायची, माणशी एक कार्ड. ती सगळी चुंबकी फितीच्या रिळावर घ्यायची ठरली, आणि जागा किती लागेल हे काढायचं काम साहजिकच माझ्याकडे आलं (दुसऱ्या कुणी हात वर केला नाही). जमलं तर मशीनच्या खोलीत कायमची नेमणूक, नाही तर पुन्हा पाकिटांना तिकिटं चिकटवणं. मी अक्षरं मोजली, फितीची लांबी धरली आणि आमचे साहेब देवराजबाबू यांना छातीठोक सांगितलं, "अर्धं रीळ पुरेल."

सोमवारी सगळ्यांसमोर रीळ चढवलं. गावं ए-बी-सी-प्रमाणे लावलेली. तुमचं बों अक्योय झोकात गेलं, सी अक्षराचं सांत्र द फ्लाक आलं, आणि सबंध रीळच संपलं! देवराजबाबूंचे सासरे कार्तिए मिलितेरचे, म्हणजे पार क्यू अक्षरात. "कोत मो बोपेर?" ते ओरडले. सासरे कुठे म्हणून काय सांगणार? फितीच्या बाहेर!

मी घाबरलो नाही (फक्त खाली बसलो). मशीनबरोबर आलेलं पुस्तक उघडलं, तेव्हा कळलं की प्रत्येक माणसानंतर मशीन फितीवर कोरी जागा सोडतं, तीही त्या माणसाच्या सहापट! माणूस नखाएवढा आणि अंगण पेरभर. लगेच मी दहा-दहा शेतकरी फ्लाकच्या बसमधल्यासारखे खेटून बसवले. मोकळी जागा फक्त दहांनंतर. मंगळवारी सगळी गावं, सासऱ्यांसकट, एका रिळात आली.

"अर्धं म्हणाला होतास ना?" देवराजबाबूंनी विचारलं.

"शेतकरी अर्ध्यातच आहेत," मी म्हटलं, "बाकीची जागा मशीनची."

ते हसले, आणि मी कायम झालो. आशीर्वाद असावा.

आपला,
गोवर्धन

ता. क. देवराजबाबूंचा माझ्यावर विश्वास बसलाय, फितीवर नाही (सासऱ्यांचा प्रश्न आहे). जुनी कार्डं जपायचीच, पण ऑफिसात ठेवायला जागा नाही. तेव्हा मी तुमच्या गोठ्याशेजारची खोली सुचवली. शेळ्या तेवढ्या हलवाव्यात; त्या कार्डं खातात का, हे इथे कुणालाच सांगता येईना.

आणखी ता. क. हे पत्र ज्यानं हातात दिलं तो नंदलाल लॉरी घेऊनच आलाय. त्याला चहा द्यावा. मागून दुसरी लॉरी येतेय. खोली पुरेल, हिशोब मी स्वतः केलाय.