करंजाच्या वळणावरचं कुत्रं

३ जानेवारी

माझ्या दोन पायांनो, दोन हातांनो, मोडून सांधलेल्या तीन बरगड्यांनो! आपणा सर्वांचं गाऱ्हाणं एकच आहे — दारात रिक्षा उभी राहिली की हा गंगाराम तिच्यात बसत नाही.

हे असं. वहीतसुद्धा भाषण. चाळीस वर्षांची सवय. रत्नागिरीच्या मनाच्या डॉक्टर दिशा मॅडम फोनवर म्हणाल्या होत्या, "काका, रोज लिहा. पण समोर सभा बसलीय असं समजू नका." प्रयत्न करतो.

आज छातीचा एक्स-रे काढायला जायचं होतं. पूर्णगडच्या बाळा रिक्षावाल्याला बोलावलं. एक पाय आत ठेवला. पत्रा कुरकुरला. त्यानंतरचं आठवतं ते असं की मी विहिरीमागे केळीत उभा आहे आणि सदरा घामानं भिजलाय. बाहेर येऊन बाळाला म्हटलं, "आज दिवस बरा नाही."

हिरा, माझी बायको, डबा हातात धरून उभी होती. म्हणाली, "चाळीस वर्षं गावाला सांगत आलात, सगळे दिवस सारखेच. आज कुठला वेगळा निघाला?"

४ जानेवारी

आजचाही बरा नाही.

६ जानेवारी

मॅडमनी अपघात लिहायला सांगितलाय. लिहितो.

१४ नोव्हेंबर, सकाळी नऊ. रत्नागिरीत माझं व्याख्यान. शेजारच्या सागरची रिक्षा. मागे मी आणि मासे विकणारी सोनूबाई, मांडीवर तिची रिकामी पाटी. करंजाच्या वळणावर कुत्रं आडवं आलं. सागरनं हँडल वळवलं. रिक्षा रस्त्याकडेच्या गडग्यावर, चिऱ्याच्या बुटक्या कुंपणावर, आपटून उलटली. सागरच्या डोक्याला चौदा टाके. सोनूबाईचं मनगट मोडलं. माझ्या बरगड्या, खांद्याचं हाड, अठरा दिवस इस्पितळ. त्यातले पहिले चार दिवस मी जगात नव्हतोच.

हे सागरनं पोलिसांना सांगितलं. मीही भेटेल त्याला हेच सांगतो. ते कुत्रं मला अजून दिसतं — पांढरं, एक कान काळा. रिक्षात बसलो तेही आठवतं, गडग्याचे चिरेही आठवतात. मधलं मात्र काही नाही. कुणीतरी पुस्तकातलं एक पान फाडून नेल्यासारखं. आमच्या वाचनालयात असं करणाऱ्याला मी सहा महिने पुस्तक देत नसे.

८ जानेवारी

मॅडमचा व्हिडिओ कॉल. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे मी घरी आलो, पण माझा मेंदू अजून त्या वळणावरच उभा आहे. त्याला रोज थोडं थोडं समजवायचं. उपाय असा की उभ्या रिक्षात रोज दहा मिनिटं बसायचं. रिक्षा चालू करायची नाही. फक्त बसायचं आणि भीतीला दहापैकी गुण द्यायचे.

"पळून जावंसं वाटलं तर?"

"बसून राहा. भीती चढते, मग उतरते. तुम्ही तिच्याआधी उतरू नका."

वाक्य भाषणात घेण्याजोगं आहे. तसं म्हटलं, तर म्हणाल्या, "आधी रिक्षात घ्या."

उभी रिक्षा शोधायला लांब जायला नको. सागरचीच आहे, त्याच्या अंगणात, निळ्या ताडपत्रीखाली. दुरुस्त होऊन आली आणि तेव्हापासून हललेली नाही.

९ जानेवारी

ताडपत्री वर करून बसलो. गुण — दहापैकी अकरा.

"झाली का दहा मिनिटं?"

"चाळीस सेकंद," हिरा घड्याळ बघून म्हणाली.

सागर ओट्यावर होता. मी हात केला. तो उठून घरात गेला. रागावला असेल. का, ते कळत नाही.

११ जानेवारी

कळलं. देवळातला काशीराम गुरव आला होता. चहा घेतला, पानाला चुना लावला, मग म्हणाला, "गंगाराम, गावानं ठरवलंय. तू नारळ देत नायस तवर सागरच्या रिक्षात कोण बसायचं नाय."

"कुणाला नारळ?"

"राखणदाराला."

राखणदार म्हणजे गावाच्या सीमेवर फिरणारा आमचा अदृश्य रखवालदार. सोबत कुत्रं बाळगतो, अशी गावाची समजूत. दिवाळीनंतर एका सभेत मी बोललो होतो — राखणदार खरंच असेल तर त्यानं आधी करंजाच्या वळणावर एक दिवा लावून दाखवावा. आणि नवव्या दिवशी त्याच वळणावर कुत्रं! गावाला आणखी काय हवं?

"ता साधं कुत्रं नाय," काशीराम म्हणाला. "त्याचं हाय."

"बरं, मी बोललो, मला शिक्षा झाली. सागरनं काय केलं होतं?"

"तुला घेऊन चालला व्हता ना."

मी उठून उभा राहिलो. म्हटलं, माझा प्राण मागा, देईन. नारळ देणार नाही! आवाज छान लागला. बरगडी दुखली.

काशीराम गेल्यावर हिरानं सांगितलं की आठ फेब्रुवारीला लांज्याचा माणूस रिक्षा घ्यायला येतोय. मग सागर मुंबईला, कुणाच्या तरी गाळ्यावर हमाली करणार. त्याची आई सखू इथे एकटी. "एका नारळासाठी," हिरा म्हणाली आणि आत गेली.

तिला मी तत्त्व सांगितलं. वहीला खरं सांगतो. नारळ दिला असता तर गाव लगेच म्हणालं असतं, मग आता रिक्षात पहिला तू बस. तत्त्व खरंच आहे माझं. पण आज ते थंडीतल्या गोधडीसारखं उपयोगी पडलं.

१५ जानेवारी

गुण नऊ. सहा मिनिटं. पाणंदीतून दोघी चालल्या होत्या. एक दुसरीला हळूच म्हणाली, "गंगारामभाऊ रोज येऊन बसतात. कुत्र्याची वाट बघतात."

कुत्रं वाढतंय. परवापर्यंत त्याचे डोळे लाल होते. आज ते वासराएवढं आहे. मुंबईहून एका चाकरमान्यानं फोन करून विचारलं, व्हिडिओ आहे का?

१९ जानेवारी

गुण सहा. दहा मिनिटं पूर्ण! हिरानं टाळ्या वाजवल्या. एकटीच्या टाळ्या, पण मैदान भरल्यासारखं वाटलं. आभाराचे दोन शब्द बोलायला लागलो, तेवढ्यात मागच्या माडावरून नारळ पडला. धप्प.

गुण अकरा. या खेपेला गोठ्यात सापडलो.

२३ जानेवारी

सोनूबाई आली. मनगटाचं प्लास्टर सुटल्यावर पहिल्यांदाच पाटी घेऊन दारात. हिरा बांगडे निवडत होती. मी ओट्यावरून सांगत होतो की कुत्र्याचा कान काळा असला तरी त्यात दैवी काही नसतं.

सोनूबाईनं पाटीवरून मान वर केली. "कुठचं कुत्रं?"

"अगं, वळणावरचं."

"भाऊ, मी तुमच्या बाजूलाच बसलेली. कुत्रं-बित्रं कायच नव्हतं. तुमचं भाषण चाललेलं. संध्याकाळी म्हणायचं तेच, तोंडपाठ. सागर 'हां हां' करत व्हता. तुम्हाला ता आवडलं नाय. तुमचा हात माझ्या नाकासमोरनं गेला नि त्याच्या खांद्यावर पडला. म्हणालात, 'अरे, इकडे बघ माझ्याकडे, श्रोत्याचे डोळे दिसल्याशिवाय बोलता येत नाही.' पोरानं बघितलं."

मी ओट्यावरून उतरून तिच्या पाटीसमोर बसलो. 

"दोन महिने गप्प का राहिलीस?"

"सागरनं शपथ घातली. डॉक्टर म्हणालेले, तुम्ही काय वाचत नाय. मरणाऱ्या माणसावर कशाला आळ? म्हणून त्यानं पोलिसांना कुत्रं सांगितलं. मग तुम्ही मेलात नाय." तिनं पाटी डोक्यावर घेतली. "मग सगळाच घोळ झाला."

२४ जानेवारी

कुत्रं नव्हतं.

२५ जानेवारी

मॅडमना विचारलं, मग पांढरं अंग, काळा कान, हे कुठून आलं? मी तर डोळ्यांनी बघतो. म्हणाल्या, असं होतं. मोठ्या धक्क्यात मधलं पुसलं जातं आणि इस्पितळात जे कानावर पडलं, ते मन तिथे चिकटवून टाकतं. तुम्ही खोटं बोलत नव्हतात.

चाळीस वर्षं मी गावोगाव भुतं हाकलली. आणि एक अख्खं कुत्रं स्वतः पाळलं. केसांसकट!

२८ जानेवारी

सागरला सांगायला गेलो की मला कळलंय. हजार माणसांसमोर कधी अडखळलो नाही. त्याच्या दारात उभा राहिलो आणि म्हटलं, "यंदा मोहोर बरा आहे."

तो म्हणाला, "हां काका."

परत आलो.

१ फेब्रुवारी

गाव थांबेना. "त्याच्या वतीनं आम्हीच गाऱ्हाणं घालतो," म्हणून काशीरामनं आज सकाळी करंजाच्या वळणावर सगळ्यांना बोलावलं. मीही गेलो. चालत, दोन किलोमीटर. गडग्याचे नवे चिरे अजून लालभडक आहेत.  गुण आठ. पळालो नाही. पळायला तिथे केळीही नव्हत्या.

सत्तरएक माणसं. सागर मागे, हाताची घडी घालून. काशीरामनं नारळ हातात धरला आणि सुरू केलं, "हे देवा महाराजा, गावच्या लेकराकडनं काय चुकलं-माकलं असेल, ता पोटात घे रे महाराजा!"

"होय महाराजा!" सगळे म्हणाले.

मी पुढे झालो. म्हटलं, मला बोलायचंय. काशीराम घाबरला, पण बाजूला झाला. माझ्यासमोर उभं राहायची त्याला सवय नाही.

"कुत्रं नव्हतं," मी म्हटलं.

"होय महाराजा!"

"अहो, ऐका. या वळणावर त्या दिवशी कुठलंही कुत्रं आलं नाही. राखणदाराचं नाही आणि कुणाचंच नाही."

"होय महाराजा!"

गाऱ्हाण्यात वाक्य संपलं की तोंडं आपोआप उघडतात. थांबवणार कोण? मीही रेटत नेलं. "सागरची चूक नव्हती."

"होय महाराजा!"

"मी त्याच्या खांद्यावर हात मारला. भाषणाला मान डोलवत नाही म्हणून मागे वळून बघायला लावलं. त्यानं माझी लाज राखायला कुत्रं सांगितलं. तिघांची हाडं माझ्यामुळे मोडली."

"होय महारा—"

आणि थांबले. सत्तर तोंडं उघडी. करंजाची पानं तेवढी वाजत होती. इतकी शांत सभा मला जन्मात मिळाली नव्हती, आणि माझ्याकडची वाक्यं संपलेली.

शेवटी काशीरामनं विचारलं, "मग आता नारळ फोडायचा का नाय?"

"फोडा ओ," सोनूबाई म्हणाली. "सकाळपासून उपाशी हाव."

फोडला. खोबरं मीही खाल्लं. खोबरं म्हणून. सागर मात्र तोवर निघून गेला होता.

२ फेब्रुवारी

पोलीस ठाण्यासाठी लेखी जबाब लिहिला. पहिला मसुदा बावीस पानं. हिरानं वाचला आणि दोन ओळी ठेवल्या. तेवढ्याच पाठवल्या.

३ फेब्रुवारी

गाव ठीक आहे. दोन दिवस मला हसले, आता सागरकडे जातायत. चार जणांनी रत्नागिरीला न्यायला सांगितलं. पहिल्याला तो म्हणाला, बॅटरी उतरलीय. दुसऱ्याला, टायर बसलाय. सोनूबाईला म्हणाला, कागदपत्रं व्हायचीत. तिनं येऊन मला सांगितलं, "टायर मी दाबून बघितला. दगड हाय नुसता."

रागावलाय माझ्यावर. त्याचा हक्कच आहे. ताडपत्रीही तशीच.

५ फेब्रुवारी

त्याच्या दारात जाऊन माफी मागितली. एका वाक्यात. तो म्हणाला, "काका, तुमच्यावर राग नाय माझा." मग रिक्षा का विकतोस? "विकायची ठरवली ती ठरवली."

हा राग नाही तर काय?

७ फेब्रुवारी

ठरलं. उद्या दहा वाजता लांज्याचा माणूस येणार. त्याआधी सगळ्या वाडीसमोर मी सागरच्या रिक्षात बसणार आणि वळणापर्यंत जाऊन येणार. ज्याची हाडं तीत मोडली तोच बसला, म्हणजे सागरला रिक्षा विकायला कारणच उरणार नाही. मॅडमना फोन केला. म्हणाल्या, घाई करताय, पण जाताय तर तोंड बंद ठेवा. हिरा सोबत बसणार. सोनूबाईही. ती मध्ये बसेल आणि माझे दोन्ही हात धरून ठेवेल, अशी तिची अट.

८ फेब्रुवारी

बसलो. गुण सात. ताडपत्री काढलेली, सखू दारात, वाडी गडग्यावर. लांज्याचा माणूस हेल्मेट काखेत घेऊन उभा. खूप वेळानं सागर येऊन पुढे बसला. त्यानं किल्ली भोकाकडे नेली आणि ती पत्र्यावर टकटक वाजायला लागली. थांबेना. मानेवरून घामाचा ओघळ त्याच्या कॉलरमध्ये उतरताना मला दिसला. तो ओघळ माझ्या ओळखीचा होता.

वळून न बघताच तो म्हणाला, "काका, ता कुत्रं राखणदाराचं हाय, असं काशीरामाला मीच सांगितलेलं. म्हटलं, कोण बसायला येणारच नाय. मग चालवायला नको."

तीन महिने! शेजारच्या घरात. आणि मी माझेच गुण मोजत होतो.

सोनूबाईनं माझे हात सोडले. मी भाषण केलं नाही. विचारलं, "दहापैकी किती?"

"धा."

"लांज्याचे पाहुणे, तुम्ही ओट्यावर बसून चहा घ्या," मी म्हटलं. "सागर, किल्ली फिरव. जायचं कुठंच नाही."